आयसीयूतून हॉस्पिसकडे जाताना: कळव्याच्या एका परिचारिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या परिचारिका कळव्याच्या आहेत. वय २८, जीएनएम (परिचर्येची पदविका) झालेले, ठाण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत पाच वर्षांचा अनुभव. गेल्या पावसाळ्यात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या देखरेखीखाली अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधलेल्या अवस्थेतच गेले; तेव्हापासून हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेत, काम करावे असे त्यांच्या मनाने घेतले आहे. दुसरीकडे त्यांची मावसबहीण अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषधे लिहू शकणारी उच्चशिक्षित परिचारिका, असून ‘तूही हेच कर’ असा तिचा आग्रह आहे. आयसीयू सोडावे का, आपल्या भागात हे काम खरोखर मिळते का, नर्स प्रॅक्टिशनर होण्याची सोय इथे आहे की तिथेच, आणि घरी सासूबाईंना हे कसे समजवावे, असे चार प्रश्न त्यांनी एका दमात विचारले आहेत. मी २२ वर्षे परिचारिका आहे आणि त्यांपैकी १४ वर्षे ठाणे ते पनवेल या पट्ट्यात घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणारी सेवा, देण्यात गेली आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबले तरी सांभाळून घ्यावे.

आयसीयू सोडण्याबद्दल आधी. त्या वृद्ध गृहस्थांचे मरण तुम्हाला खुपले, ही या कामाची चांगली सुरुवात आहे; पण आयसीयूतली धावपळ, नाइट ड्युट्या आणि इन्चार्ज सिस्टरांची बोलणी यांतून सुटका म्हणून तुम्ही हॉस्पिसकडे पाहत असाल, तर फसगत होईल. हॉस्पिस म्हणजे शांत खोली, उदबत्तीचा वास आणि रुग्णाचा हात हातात धरून बसणे, असे चित्र बाहेर रूढ आहे. प्रत्यक्षात सकाळचा पहिला तास सडलेल्या जखमेच्या ड्रेसिंगमध्ये जातो. तोंडाच्या कर्करोगाची गालातून फुटलेली जखम, तिचा घरभर पसरलेला वास आणि त्या वासामुळे जवळ यायचे बंद झालेली नातवंडे, हे आपल्याकडे तंबाखूमुळे इतके सर्रास दिसते की पहिल्याच आठवड्यात तुमची गाठ त्याच्याशी पडेल. अशा जखमेवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड टाकली की दोन-तीन दिवसांत वास पुष्कळ कमी होतो. गोळी स्वस्त आहे, पण ती जखमेवर टाकायची असते हे आयसीयूत पाच वर्षे काढलेल्या परिचारिकेलाही बहुधा कोणी शिकवलेले नसते.

आयसीयूने तुम्हाला जे दिले आहे त्यातले बरेच उपयोगी पडते: श्वास मोजण्याची सवय, औषधाची मात्रा दोनदा तपासण्याची शिस्त, गडबडीत डोके थंड ठेवणे. मात्र काही गोष्टी विसराव्या लागतात, आणि त्यातली सर्वांत अवघड म्हणजे आकड्याकडे पाहण्याची ओढ. घरी मॉनिटर नसतो. ऑक्सिजनचे प्रमाण ८६ दिसले तरी रुग्णाला धाप वाटत नसेल तर काही करायचे नसते, आणि ९७ दिसत असतानाही तो घाबराघुबरा झाला असेल तर खिडकी उघडणे, चेहऱ्यावर पंख्याचा झोत सोडणे, पाठीशी उशा लावून बसवणे आणि डॉक्टरांनी सांगितलेली मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची लहानशी मात्रा देणे हे सगळे करायचे असते. हा बदल पचायला मला आठ-नऊ महिने लागले.

त्या काळातली माझी एक चूक सांगते, कारण ती मी विसरलेले नाही. ऐरोलीत एका निवृत्त लिपिकांच्या घरी मी जात असे. फुप्फुसाचा कर्करोग, वेदना आटोक्यात, घरच्यांचा निर्णय पक्का की आता रुग्णालय नको. मुलीला मी सगळे समजावले होते: झोप वाढेल, खाणे थांबेल, लघवी कमी होईल, हातपाय गार पडतील. फक्त घशातल्या आवाजाबद्दल बोलायचे राहून गेले. मराठीत ‘घरघर लागली’ हा शब्दप्रयोग आपण बंद पडत आलेल्या गिरणीबद्दलही सहज वापरतो, पण तो आवाज कानाने ऐकलेली माणसे आता इमारतींमधल्या घरांत फारशी उरलेली नाहीत. रात्री दोन वाजता त्यांना घरघर लागली, वडील गुदमरत आहेत असे वाटून मुलीने रुग्णवाहिका बोलावली, जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नळी घातली गेली आणि चौथ्या दिवशी ते आयसीयूतच गेले. तेराव्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “सिस्टर, एवढं एकच वाक्य सांगायला हवं होतं तुम्ही.” तेव्हापासून मी ते वाक्य आधीच सांगते: शेवटच्या दिवसांत घशात घरघर होईल, ती गिळता न आलेल्या लाळेची असते, ऐकणाऱ्याला जितका त्रास होतो तितका त्यांना होत नसतो, त्यांना कुशीवर वळवा आणि मला फोन करा. त्यासाठी ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिनचे इंजेक्शन डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरात ठेवायचे असते; ही औषधे नवी लाळ कमी करतात, साचलेली काढत नाहीत, म्हणून उशिरा देऊन फारसा उपयोग होत नाही.

दुसरा प्रसंग तुम्हाला दर आठवड्याला येईल, तो सलाईनचा. आपल्याकडे सलाईन लावली म्हणजे उपचार चालू आहेत आणि काढली म्हणजे माणसाला सोडून दिले, असा हिशेब घराघरांत बसलेला आहे. कोपरखैरण्याच्या माथाडी कुटुंबांत मी पुष्कळ काम केले आहे, साताऱ्याकडची माणसे, भाऊबंद गावाहून आलेले, आणि त्यांतला एक काका दारातच विचारतो, “बाई, दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही, उपाशी मारता का काय?” या प्रश्नाला शरीरशास्त्राच्या व्याख्यानाने उत्तर देता येत नाही. शरीर मिटत आले की त्याला पाण्याची गरज उरत नाही, चढवलेले पाणी पायांवर सुजेच्या रूपाने आणि छातीत कफाच्या रूपाने साचते, हे खरे आहे आणि सांगायचेही असते. पण आधी त्या काकांच्या हाताला काहीतरी काम द्यावे लागते. मी त्यांना गॉज पाण्यात बुडवून ओठ ओले कसे करायचे ते दाखवते. तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायचे असेल तर चमचाभर ओतू नका, ठसका लागेल. पान भिजवून जिभेवर टेकवा, असे सांगते. एकदा हे काम हाती आले की सलाईनचा आग्रह निम्म्याहून अधिक घरांत आपोआप मागे पडतो, हा माझा अनुभव आहे. ज्या घरांत पडत नाही, तिथे डॉक्टरांशी बोलून, त्वचेखाली बारीक सुईने मर्यादित पाणी देण्याचा मध्यम मार्ग कधीकधी काढला जातो, आणि त्याबद्दल नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे जमत नाही.

आता आपल्या भागात काम आहे का. भारतातले पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये सुरू झाले, म्हणजे ही गोष्ट मुंबईला नवी नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे आणि टाटा स्मारक केंद्राचीच कर्करोग उपचार व संशोधन संस्था अ‍ॅक्ट्रेक खारघरला आहे. त्यामुळे खारघर, कामोठे, पनवेल या भागांत बाहेरगावाहून उपचारासाठी येऊन भाड्याने राहिलेली कर्करुग्णांची कुटुंबे सतत असतात. पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून काम करते. त्या मानाने ठाणे-नवी मुंबईत खाटा असलेली हॉस्पिसे फार कमी आहेत, आणि काम मुख्यतः तीन ठिकाणी मिळते: स्वयंसेवी संस्थांच्या गृहसेवेत, मोठ्या रुग्णालयांच्या कर्करोग विभागात आणि खासगी होमकेअर कंपन्यांमध्ये.

तिसऱ्या प्रकाराबद्दल सावध करते. ‘पॅलिएटिव्ह केअर नर्स पाहिजे’ अशी जाहिरात देऊन प्रत्यक्षात बारा तासांची बेडसाइड ड्युटी, म्हणजे नळीवाटे जेवण, डायपर आणि सक्शन (घशातला कफ ओढून काढणे), एवढेच काम देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. ते काम कमी प्रतीचे नाही, पण त्यातून पॅलिएटिव्ह केअर शिकता येत नाही. मुलाखतीत तुम्हीच विचारावे: मॉर्फिन कुठून येते आणि त्याची नोंद कोण ठेवते, रात्री रुग्णाचा फोन आला तर पलीकडे डॉक्टर असतात का, पहिले तीन महिने अनुभवी सिस्टर सोबत असेल का, दिवसाला किती घरे, आणि अनोळखी घरी एकटीने जायचे असल्यास सुरक्षिततेची काय व्यवस्था आहे. मॉर्फिनच्या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला, तर चहा पिऊन परत यावे.

मॉर्फिनचा कायदा परिचारिकेला तोंडपाठ हवा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्यामुळे अनेक वर्षे हे औषध मिळवायला निरनिराळे परवाने लागत आणि ते इतके जिकिरीचे होते की बहुतेक रुग्णालयांनी नादच सोडला होता. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरवली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच मान्यता पुरेशी केली. ही दुरुस्ती घडवून आणण्यात तिरुअनंतपुरमच्या पॅलियम इंडियाचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांचा मोठा वाटा आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परिचारिकेच्या बाजूने या कायद्याचा अर्थ अगदी साधा आहे: दिलेली, वापरलेली आणि उरलेली प्रत्येक गोळी नोंदवहीत दिसली पाहिजे. रुग्ण गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या परत आणणे हे आपले काम असते. दारात चपलांचा ढीग, आत रडारड, आणि स्टीलच्या ताटलीत दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या मोजत बसलेली आपण; पहिल्यांदा मला स्वतःचीच लाज वाटली होती. आता मी थोरल्या मुलाला किंवा जावयाला बाजूला घेऊन, दोघांनी मिळून मोजून, त्याची सही घेते.

औषध म्हणून मॉर्फिन शिकायला अवघड नाही. साधी गोळी चार तास पुरते, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखेल तेव्हा नव्हे. मधेच कळ आली तर त्यासाठी वेगळी मात्रा लिहून घ्यायची. आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचे औषध हवेच, कारण मळमळ व गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. अवघड आहे ते घरच्यांच्या मनातली समजूत काढणे. वागळे इस्टेटच्या एका आजींनी नवऱ्याच्या गोळ्या तीन दिवस डाळीच्या डब्यात लपवल्या होत्या, कारण शेजारणीने ‘ही शेवटची गोळी असते’ असे सांगितले होते. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू लवकर येत नाही, हे त्यांना पटले ते माझ्या बोलण्याने नव्हे. पहिल्या रात्री आजोबा सलग पाच तास झोपले आणि सकाळी उठून त्यांनी चहा मागितला, तेव्हा पटले.

याच संदर्भात दयामरणाबद्दलही प्रश्न येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना ४२ वर्षे सांभाळले, आणि त्यांच्याच प्रकरणातील २०११ च्या निकालाने निष्क्रिय दयामरणाचा, म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवून नैसर्गिक मृत्यू येऊ देण्याचा, विचार आपल्या न्यायव्यवस्थेत रुजला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) मान्य केले, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. तुम्हाला वकिली करायची नाही, पण एवढे माहीत हवे. त्याहून रोजच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे मृत्यूचा दाखला: घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नमुना ४ अ मध्ये डॉक्टरच देऊ शकतात, परिचारिका नाही, आणि त्याशिवाय स्मशानात अडचण येते. म्हणून रुग्ण शेवटच्या आठवड्यात आहे असे दिसू लागताच, रात्री-अपरात्री येऊन दाखला देतील असे डॉक्टर कोण, हे ठरवून त्यांचा नंबर फ्रिजच्या दारावर लावून ठेवावा.

आता शिक्षण. तुमच्या अर्जात सर्वांत मोठी उणीव मला दिसते ती पॅलिएटिव्ह केअरच्या प्रमाणपत्राची नाही, पदवीची आहे. जीएनएमवर तुम्ही उत्तम परिचारिका होऊ शकता, परंतु पुढचा जवळजवळ प्रत्येक दरवाजा, इथला असो वा परदेशातला, बी.एस्सी. विचारतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून टाकावे, आणि ते तिशीच्या आत करावे, कारण नंतर घर, मूल आणि हप्ते यांत ते मागे पडत जाते. माझ्या बॅचमधल्या सहाजणींचे असेच झाले. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि तिचे नूतनीकरण वेळच्या वेळी करावे, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पॅलिएटिव्ह केअरचे शिक्षण त्याच्या जोडीने होऊ शकते. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संघटना डॉक्टर आणि परिचारिकांसाठी मूलतत्त्वांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते. नोकरी सांभाळून तो करता येतो. पॅलियम इंडियाकडे परिचारिकांसाठी प्रत्यक्ष राहून करायचा साधारण दीड महिन्याचा अभ्यासक्रम आहे. रजा मिळत असेल तर केरळला जाऊन तोच करावा असे मी म्हणेन, कारण तिथे पंचायतीच्या गाडीतून परिचारिका गल्लोगल्ली कशी फिरते हे पाहिल्यावर आपल्या कल्पना बदलतात. आणि पूर्णवेळ एक वर्ष देता आले, तर टाटा स्मारकमधील कर्करोग परिचर्येची पोस्ट बेसिक पदविका ही आपल्या भागातल्या मुलीसाठी सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो, म्हणून नीट पाहू. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात तो अभ्यासक्रमांत आणला: क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम, आणि पुढे प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांचा. पहिल्यासाठी बी.एस्सी. आणि क्लिनिकल अनुभव लागतो, म्हणजे पदवी झाली की तुमची आयसीयूतील वर्षे इथे थेट मोलाची ठरतील. अडचण अशी की या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली परिचारिका संस्थेने मान्य केलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत औषधे व तपासण्यांचे निर्णय घेते, आणि बहुतेक रुग्णालयांत अशी चौकट, वेगळे पद किंवा वेगळी वेतनश्रेणी तयारच नाही. परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला आहे; त्यातून परिस्थिती सुधारेल अशी आशा मी धरते, परंतु त्या आशेवर कोणाला दोन वर्षांची फी भरायला मी सांगणार नाही. केवळ पॅलिएटिव्ह केअर हेच तुमचे ध्येय असेल, तर इथे क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर होण्यापेक्षा कर्करोग परिचर्येची पदविका तुम्हाला त्या कामाच्या अधिक जवळ नेईल.

मावसबहिणीचा मार्ग वेगळा आहे. अमेरिकेत ही कल्पना १९६५ ची. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी ती सुरू केली. आज तिथे नर्स प्रॅक्टिशनर रुग्ण तपासतो, निदान करतो, औषधे लिहितो, पण किती स्वतंत्रपणे हे राज्यागणिक बदलते. तुमच्यासाठी क्रम असा राहील: पदवी, शिक्षणाची पडताळणी, एनक्लेक्स-आरएन ही तिथल्या नोंदणीकृत परिचारिकेच्या (आरएन) परवान्याची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, तिथे परिचारिका म्हणून काही वर्षे, मग पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम आणि त्यात देखरेखीखाली रुग्णसेवेचे शेकडो तास. भारतात जन्मलेल्यांसाठी रोजगाराच्या व्हिसाची रांग अनेक वर्षांची आहे, हे मावसबहिणीला ठाऊक असेल. तिने केव्हा अर्ज केला होता ते विचारावे आणि आजचा हिशेब आज करावा.

तिथे ‘हॉस्पिसचा नर्स प्रॅक्टिशनर’ अशी मूळ शाखाच नसते, हेही लक्षात घ्यावे. फॅमिली किंवा प्रौढ-वृद्ध अशी शाखा घ्यायची आणि नंतर हॉस्पिस व पॅलिएटिव्ह केअरचे प्रगत प्रमाणपत्र मिळवायचे. त्याआधी, साध्या आरएनसाठीही सीएचपीएन हे हॉस्पिस व पॅलिएटिव्ह परिचर्येचे प्रमाणपत्र आहे. त्याला आरएन परवाना आणि गेल्या १२ महिन्यांत ५०० किंवा २४ महिन्यांत १००० तासांचा या क्षेत्रातील अनुभव लागतो. अमेरिकेतील हॉस्पिसची व्याख्याही इथल्यापेक्षा काटेकोर आहे: मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या लाभासाठी आयुष्य सहा महिने किंवा कमी उरल्याचे प्रमाणपत्र डॉक्टरांनी द्यावे लागते आणि रुग्णाने रोग बरा करण्याचे उपचार थांबवावे लागतात. नर्स प्रॅक्टिशनर अशा रुग्णाचा मुख्य उपचारक होऊ शकतो, पण ते प्रमाणपत्र देऊ शकत नाही. आपल्याकडे अशी रेघ नाही; केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाकडेही मी जाते, आणि खरे सांगायचे तर मला आपली पद्धत अधिक पटते.

इथे राहा किंवा तिथे जा, नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाचा गाभा तुम्ही उद्यापासून घोटू शकता. तो गाभा म्हणजे रुग्णाला तपासून, जे दिसले त्याचा अर्थ लावून, डॉक्टरांना निर्णय घेता येईल अशा शब्दांत सांगणे. नवीन मुली फोन करतात तो असा: “सर, पेशंट खूप सिरियस वाटतोय, काय करू?” त्याऐवजी असा फोन करून पाहा: “सर, कालपासून चार वेळा जादा मात्रा लागली आहे, तरी वेदना दहापैकी सात. दुखणे कमरेपासून डाव्या पायात विजेसारखे जाते. पोट तीन दिवस साफ नाही, पण मऊ आहे. हाक मारली की नीट उत्तर देतात, श्वास मिनिटाला सोळा. पायांतली ताकद मात्र परवापेक्षा कमी वाटते.” या शेवटच्या वाक्यावर डॉक्टर ताडकन उठून बसतील, कारण ते मणक्यातील मज्जारज्जूवर दाब येत असल्याचे लक्षण असू शकते आणि तिथे तास महत्त्वाचे असतात, वेळेवर किरणोपचार मिळाले तर माणूस चालता राहतो. हे ओळखायला पदवी लागत नाही. रोज प्रत्येक रुग्णाचे असे पाच ओळींचे टिपण वहीत लिहा, डॉक्टरांनी काय ठरवले आणि दोन दिवसांनी काय झाले ते खाली लिहा. पुढे कोणत्याही मुलाखतीत ही वही तुमच्या बाजूने बोलेल. रुग्णाची नावे मात्र तिच्यात लिहू नका.

व्यावहारिक सल्ला म्हणाल तर राजीनामा लगेच देऊ नये. सुट्टीच्या दिवशी एखाद्या गृहसेवेच्या पथकाबरोबर, त्यांच्या परवानगीने, आठ-दहा वेळा जाऊन या. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलने सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत चार-पाच घरे होतात आणि पाठ मोडते, तेही अनुभवाला येईल. पहिल्या वर्षी पगार कॉर्पोरेट आयसीयूपेक्षा कमी मिळेल असे धरूनच घरचा हिशेब मांडा.

राहिल्या सासूबाई. ‘रोज मरणाच्या घरी जायचं आणि तसंच स्वयंपाकघरात शिरायचं’ याला त्यांचा आक्षेप आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या सासूबाईंचाही होता. मी वाद घातला नाही. बाथरूमच्या दाराशी धुतलेली साडी आणि टॉवेल ठेवायचे, आल्याबरोबर आंघोळ आणि मगच ओट्याजवळ, असे आमचे ठरले. दोन-तीन वर्षांनी त्यांच्या सख्ख्या भावाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा कोपरीला त्यांच्या घरी रोज मी जात होते आणि सासूबाई तिथेच मुक्कामाला होत्या. साडी-टॉवेल अजूनही बाथरूमच्या दाराशीच असतात. दिवसभराची घरे डोक्यातून उतरवायला ती वीस मिनिटे मलाच हवी असतात.